दातांच्या उपचारांत मुलांची वेदना आणि भीती कशी कमी करावी

दातांच्या दवाखान्यात रडणारे मूल हट्टी आहे, लाडावलेले आहे किंवा त्याला कुणाचा धाक नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण बहुतेक वेळा ते मूल दोनपैकी एक गोष्ट सांगत असते: त्याला खरोखरच दुखते आहे, किंवा पुढे काय होणार हे कळत नसल्यामुळे ते घाबरले आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. घाबरलेल्या मुलाचे अंग आखडलेले असते, सगळे लक्ष तोंडाकडे लागलेले असते आणि साधा स्पर्शही त्याला टोचल्यासारखा जाणवतो. शिवाय एकदा भूल पुरती चढण्याआधी दात कोरला गेला, की पुढच्या खेपेला ते दारातूनच मागे फिरते. म्हणून पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्यांचा पाया दोनच गोष्टींवर आहे. वेदना आधी आटोक्यात आणायची, आणि मुलाशी एकही खोटे वाक्य बोलायचे नाही.

पहिली भेट दात दुखण्याआधी

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवावे, असा बालदंतरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. पालकांना हे अनेकदा अनावश्यक वाटते, परंतु या भेटीचा खरा लाभ असा, की मुलाची दवाखान्याशी पहिली ओळख वेदनेविना होते. ज्या मुलाची पहिली भेटच रात्रभर ठणकलेल्या दाढेसाठी असते, त्याच्याकडून शांतपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तीन वर्षांखालच्या बाळाला खुर्चीत एकटे बसवण्याची गरज नसते. पालक आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बाळ पालकाकडे तोंड करून त्यांच्या मांडीवर बसते आणि मग त्याला अलगद मागे आडवे करून त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर टेकवले जाते. बाळाला सतत आई किंवा बाबा दिसत राहतात, त्याचे हात पालकांच्या हातांत असतात आणि तपासणी दोन-तीन मिनिटांत उरकते. या वयात बाळ थोडे रडतेच, आणि त्याने काही बिघडत नाही. रडताना तोंड उघडे असल्यामुळे दातही नीट दिसतात.

घरची तयारी

तयारीतील सर्वांत महत्त्वाचा भाग शब्दांचा आहे. ‘अजिबात दुखणार नाही’, ‘इंजेक्शन नाही देणार’, ‘नुसतं बघणार आहेत’ ही वाक्ये मुलाला धीर देण्यासाठीच बोलली जातात, पण त्यांतील एकही खात्रीने खरे नसते. शिवाय लहान मुलाच्या कानांत ‘नाही’पेक्षा ‘दुखणार’ आणि ‘इंजेक्शन’ हेच शब्द राहतात. ‘त्रास दिलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी तर घरात कोणीही, कधीही, गमतीतसुद्धा देऊ नये. त्याऐवजी असे सांगावे: ‘डॉक्टर आधी तुझे दात मोजतील. मग काय करायचं ते तुला सांगतील. मी तिथेच असेन.’ मुलाने ‘दुखेल का?’ असे थेट विचारले, तर ‘मला नक्की माहीत नाही, पण दुखू नये म्हणून डॉक्टरांकडे औषध असतं, आणि दुखलं तर तू हात वर केलास की ते थांबतील’ हे उत्तर प्रामाणिकही आहे आणि पुरेसेही. मात्र हे वचन देण्याआधी डॉक्टर खरोखर थांबतात का, याची खात्री करून घ्यावी.

किती दिवस आधी सांगावे, हे वयावर अवलंबून असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सांगणे पुरते, कारण ‘पुढच्या आठवड्यात’ याचा त्याला अर्थ लागत नाही आणि भीती मात्र मनात घर करते. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगावे, म्हणजे त्याला प्रश्न विचारायला वेळ मिळतो. घरी एकदा आडवे झोपवून, चमच्याची मागची बाजू आरशासारखी धरून, बाहुलीचे आणि मग त्याचे स्वतःचे दात मोजण्याचा खेळ खेळावा. डॉक्टर कोण होणार, हे मुलाने ठरवावे.

पालकांची स्वतःची भीती हा अवघड विषय आहे. ज्या आईला किंवा वडिलांना दातांच्या खुर्चीची धास्ती असते, त्यांच्या आवाजातून आणि हाताच्या पकडीतून ती मुलापर्यंत पोहोचते. असे असेल तर त्या दिवशी घरातील दुसऱ्या, शांत स्वभावाच्या माणसाने मुलासोबत जावे. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

भेट शक्यतो सकाळची घ्यावी. मूल झोप झालेले आणि ताजेतवाने असते. झोपेची किंवा गुंगीची औषधे दिली जाणार नसतील, तर दीड-दोन तास आधी हलके खाऊ घालावे, कारण उपाशी मूल चिडचिडे होते आणि भरल्या पोटी मळमळ होऊ शकते. मुलाचे अलीकडचे वजन, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी, दमा, हृदयाचा दोष, रक्त लवकर न थांबण्याची प्रवृत्ती आणि आधीच्या उपचारांचा अनुभव हे सारे एका कागदावर लिहून न्यावे. वजन तर विसरूच नये. मुलांमधील भुलीची आणि वेदनाशामकांची मात्रा त्यावरच ठरते.

खुर्चीत बसल्यावर

मुलांच्या दंतोपचारांत ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ सालापासून रूढ आहे आणि तिच्याइतकी साधी व भरवशाची दुसरी पद्धत नाही. डॉक्टर प्रत्येक गोष्ट आधी मुलाच्या भाषेत सांगतात, मग ती तोंडाबाहेर दाखवतात आणि जसे सांगितले तसेच करतात. प्रत्यक्षात ते असे दिसते. डॉक्टर दात घासण्याचा फिरता ब्रश हातात घेऊन म्हणतात, ‘हा गरगर फिरतो आणि गुदगुल्या करतो. आधी तुझ्या नखावर फिरवूया. कोणत्या बोटाच्या?’ मूल बोट पुढे करते, ब्रश नखावर फिरतो, मूल हात मागे घेते, पुन्हा पुढे करते. ‘आता पुढच्या एका दातावर, तीनपर्यंत आकडे मोजेपर्यंत.’ आणि तीन म्हटल्यावर ब्रश खरोखर बाहेर येतो. या शेवटच्या कृतीत सगळे सामर्थ्य आहे. तीन सांगून सहापर्यंत मोजणारे डॉक्टर तीन आकड्यांचा वेळ मिळवतात आणि मुलाचा विश्वास गमावतात.

हात वर करण्याची खूणही अशीच आधी करून पाहावी. डॉक्टरांनी नुसता आरसा तोंडात धरावा, मुलाने मुद्दाम हात वर करावा आणि डॉक्टरांनी लगेच थांबावे. आपल्या हाती थांबवण्याची सोय आहे हे एकदा पटले, की बरीच मुले ती क्वचितच वापरतात. निवड देतानाही ती खरी असावी: ‘दात बघू का?’ असे विचारल्यावर मूल ‘नाही’ म्हणाले तर पुढे बोलणे खुंटते. ‘वरचे दात आधी मोजू की खालचे?’ असे विचारले तर दोन्ही उत्तरे चालतात.

पालकांनी खोलीत राहावे की बाहेर, याबद्दल डॉक्टरांची मते वेगळी असतात. माझ्या मते लहान वयाच्या मुलाजवळ पालक असणे चांगलेच, परंतु एका अटीवर: बोलायचे काम डॉक्टरांचे आणि धीराचा स्पर्श पालकांचा. दोन-तीन माणसे एकाच वेळी सूचना देऊ लागली, की मूल कोणाचेच ऐकू शकत नाही. ‘रडू नकोस’, ‘बघ, ती छोटी मुलगी रडते का?’ ही वाक्ये टाळावीत. पायावर किंवा खांद्यावर हात ठेवून ‘मी इथेच आहे’ एवढे म्हणणे पुरते. कौतुक करतानाही नुसते ‘शहाणं बाळ’ म्हणण्यापेक्षा ‘तू तोंड मोठं उघडं ठेवलंस, म्हणून काम लवकर झालं’ असे नेमके सांगावे. पुढच्या वेळी नेमके काय करायचे, ते त्यातून मुलाला कळते.

भूल देताना

मुलांची भीती शेवटी सुईपाशी येऊन थांबते, आणि सुईच्या वेदनेचा मोठा भाग ती कशी दिली जाते यावर अवलंबून असतो. म्हणून हा भाग पालकांनीही तपशिलाने समजून घ्यावा.

सुईआधी हिरडीवर बधिरतेची जेल लावतात. ती लावण्यापूर्वी ती जागा कापसाने किंवा हवेने कोरडी केली पाहिजे, नाही तर जेल लाळेबरोबर वाहून जाते, जिभेवर पसरते आणि घशाशी बधिरपणा आल्याने मूल अधिकच घाबरते. जेल थोडी लावावी आणि एक ते दोन मिनिटे तशीच राहू द्यावी. घाईच्या दवाखान्यात ही दोन मिनिटेच सर्वांत आधी कापली जातात. बेन्झोकेन हे बधिर करणारे औषध असलेली जेल दोन वर्षांखालील बाळांना लावू नये, कारण तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता धोकादायक रीतीने घटू शकते. हिरडी शिवशिवते म्हणून अशी जेल घरी आणून लावणे तर टाळावेच.

त्यानंतर डॉक्टर गाल किंवा ओठ ताणून धरतात, तो हलकासा हलवत राहतात आणि बारीक सुई अलगद आत नेतात. गाल हलवण्यामागे कारण आहे: स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अंशतः अडवतात, हा सिद्धांत वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. औषध मात्र अतिशय सावकाश सोडावे लागते. साधारण एका मिनिटात एक मिलिलिटर हा जपायचा वेग आहे. झपकन सोडलेले औषध ऊतींवर दाब देते, आणि मुले ज्याला ‘सुई दुखली’ म्हणतात ते पुष्कळदा सुईचे नव्हे, तर या दाबाचे दुखणे असते. टाळूवरची जागा घट्ट असल्यामुळे तिथे हे जास्त जाणवते. म्हणून आधी गालाच्या बाजूने भूल देऊन मग दातांच्या मधल्या हिरडीतून हळूहळू टाळूकडे जाण्याची पद्धत मुलांसाठी सोयीची ठरते.

या वेळी मुलाला काय सांगावे? ‘दात झोपवायचं औषध देते आहे, चिमटा काढल्यासारखं वाटेल, मग जड वाटेल’ हे बहुतेक मुलांना पुरते. सिरिंज डोळ्यांसमोरून नेऊ नये, पण मोठ्या मुलाने सरळ विचारले तर लपवूही नये. बधिरपणा म्हणजे काय, हेही आधी सांगणे आवश्यक आहे, कारण ओठ सुजल्यासारखा वाटू लागला की लहान मुले त्यालाच ‘दुखतंय’ म्हणतात आणि रडू लागतात. हातात आरसा देऊन ‘बघ, ओठ होता तेवढाच आहे’ असे दाखवले की पुष्कळ मुले तिथेच शांत होतात.

भूल चढली का, हे विचारून कळत नाही, तपासून कळते. दाताभोवतीच्या हिरडीला टोकदार उपकरणाने हलकेच स्पर्श करताना मुलाच्या चेहऱ्याकडे, भुवयांकडे, मुठींकडे आणि पायांच्या बोटांकडे पाहावे. कपाळ आक्रसले, मुठी आवळल्या, पायाची बोटे वळली, तर मूल गप्प असले तरी त्याला दुखते आहे असेच धरावे आणि काम सुरू करू नये. तीन वर्षांपुढील मुलाला हसऱ्यापासून रडक्यापर्यंत काढलेल्या सहा चेहऱ्यांपैकी आपला चेहरा दाखवायला सांगता येते.

आतून सुजलेल्या, ठणकणाऱ्या दाढेवर भूल नीट चढत नाही, कारण दाह झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि औषधाचा कमी भाग मज्जातंतूत शिरतो. अशा वेळी ‘थोडंच राहिलंय, सहन कर’ असे म्हणण्याऐवजी अधिक थांबणे, दुसऱ्या जागी भूल देणे, किंवा केवळ ठणका कमी करणारा तात्पुरता उपचार करून मुख्य काम पुढच्या भेटीवर नेणे योग्य ठरते. मात्र औषधाला मर्यादा असते. लिडोकेन या भुलीच्या औषधासाठी बालदंतवैद्यकात दर किलोला ४.४ मिलिग्रॅम ही कमाल मात्रा सांगितली जाते. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम. दोन टक्के औषधाच्या १.८ मिलिलिटरच्या एका काडतुसात (सिरिंजमध्ये बसवायच्या औषधाच्या छोट्या नळीत) ३६ मिलिग्रॅम असतात, म्हणजे अशा मुलाला दोन काडतुसेही पूर्ण देता येत नाहीत. चारही बाजूंचे दात एकाच दिवशी उरकण्याचा आग्रह पालकांनी का धरू नये, याचे हे एक ठोस कारण आहे.

सुईविना होणारे उपचार

प्रत्येक किडलेल्या दुधाच्या दाताला सुई आणि ड्रिल लागतेच असे नाही, आणि हे डॉक्टरांना विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे द्रावण कीड लागलेल्या भागावर लावले तर कीड पुष्कळदा जागीच थांबते. त्यासाठी कोरावे लागत नाही. त्याची किंमत एवढीच, की किडलेला भाग कायमचा काळा पडतो, आणि समोरच्या दातांच्या बाबतीत हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. दुसरी हॉल पद्धत, स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाणारी: दुधाच्या दाढेवर भूल न देता, न कोरता, धातूची तयार कॅप सिमेंटने बसवून कीड आत बंदिस्त केली जाते. सुरुवातीला चावताना कॅप उंच वाटते, पण काही आठवड्यांत चावा जुळून येतो. या दोन्ही पद्धती कीड दाताच्या आतल्या मज्जातंतूपर्यंत पोहोचलेली नसेल, दाढ आपोआप ठणकत नसेल आणि हिरडीवर पू नसेल, तरच वापरता येतात. यासाठीही लवकर दाखवणे हिताचे.

गॅस, गुंगी आणि पूर्ण भूल

एवढे करूनही जे मूल फार घाबरते, त्याच्यासाठी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोक ज्याला लाफिंग गॅस म्हणतात तो, चांगला पर्याय आहे. दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये हा वायू हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला होता. आज तो नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर, थोडाथोडा वाढवत, सहसा ५० टक्क्यांच्या वर न नेता देतात. मूल जागे राहते, बोलते, पण त्याची धास्ती उतरते. शेवटी काही मिनिटे नुसता ऑक्सिजन दिला की परिणाम लवकर ओसरतो. मुलाला नाकाने श्वास घेता आला पाहिजे, म्हणून सर्दीने नाक चोंदले असेल तर भेट पुढे ढकलावी. नुकतीच कानाच्या मधल्या भागाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर ते आधीच सांगावे. गॅसने भीती उतरते, वेदना पूर्ण जात नाही. भुलीचे इंजेक्शन बहुधा तरीही लागते.

तोंडावाटे दिलेली गुंगीची औषधे आणि पूर्ण भूल यांचा विचार मात्र गांभीर्याने करावा. मुलाच्या श्वासावर आणि ऑक्सिजनवर सतत लक्ष ठेवणारी वेगळी प्रशिक्षित व्यक्ती, आणीबाणीची साधने आणि पूर्ण भुलीसाठी भूलतज्ज्ञ असल्याशिवाय त्यास संमती देऊ नये. उपाशी ठेवण्याचे नियम काटेकोर असतात: स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचे दूध चार तास, इतर दूध आणि हलके अन्न सहा तास. ‘एक घास खाल्ला तर काय होतंय’ असे म्हणणाऱ्या घरच्यांना हे आधीच बजावून ठेवावे, आणि चुकून खाल्ले गेलेच तर डॉक्टरांपासून लपवू नये. गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाणे जिवावर बेतू शकते.

मुलाला घट्ट धरून ठेवणे हा शेवटचा, क्वचितचा उपाय आहे आणि तो पालकांच्या स्पष्ट संमतीविना होता कामा नये. तातडीचा नसलेला दात भरण्यासाठी चार जणांनी मूल दाबून धरणे मला कोणत्याही सबबीवर मान्य नाही. ते काम थांबू शकते.

स्वमग्न मुलांसाठी, किंवा आवाज, वास आणि स्पर्श तीव्रतेने जाणवणाऱ्या मुलांसाठी, दिवसातील पहिली भेट, गर्दीविना खोली, काळा चष्मा, कानांवर आवरण आणि दवाखान्याच्या फोटोंची क्रमवार छोटी वही यांचा मोठा उपयोग होतो. खुर्चीत बसणे, तोंड उघडणे, आरसा आत घेणे अशा एकेका गोष्टीसाठी स्वतंत्र भेट लागली तरी ती द्यावी.

घरी परतल्यावर

भूल उतरायला दोन-तीन तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर मूल बधिर ओठ गंमत म्हणून चावत राहते. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढुरका व्रण दिसतो आणि पालक जंतुसंसर्ग समजून घाबरतात. संवेदना परत येईपर्यंत चावून खायचे काही देऊ नये, गरम पेय देऊ नये आणि मुलाला नजरेआड करू नये.

दुखण्याची शक्यता असेल तर भूल उतरण्याआधीच औषध द्यावे. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत चार वेळांपेक्षा जास्त नाही. आयब्युप्रोफेन दर किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत, सहा ते आठ तासांनी, पोटात काही असताना. दमा, मूत्रपिंडाचा विकार, रक्तस्रावाची प्रवृत्ती, कांजिण्या किंवा डेंगीची शंका असेल तर आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये. सिरपच्या बाटल्यांतील औषधाचे प्रमाण वेगवेगळे असते, त्यामुळे चमच्यांवर न जाता लेबलवरील मिलिग्रॅम पाहून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून यकृताला आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून ठेवली तर हिरडीही भाजते. कोडीन हे अफूवर्गातील वेदनाशामक असलेली औषधे १२ वर्षांखालील मुलांना देऊ नयेत.

गालावर किंवा डोळ्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळता न येणे, लाळ गळत राहणे किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

संध्याकाळी मुलाशी त्या भेटीबद्दल एकदा बोलावे. मुलांना झालेल्या त्रासाची आठवण काही दिवसांत मूळ त्रासापेक्षा मोठी होऊ शकते, पण सुरुवातीलाच तिच्यात खऱ्या चांगल्या गोष्टी जोडल्या तर ती तशी फुगत नाही. ‘सुई दिली तेव्हा तू रडलास, आणि तरीही तोंड उघडं ठेवलंस. हात वर केल्यावर डॉक्टर थांबले होते, आठवतं?’ रडणे नाकारू नये आणि त्यावरून चिडवूही नये. शक्य असेल तर पुढची भेट नुसत्या तपासणीची किंवा फ्लोराइड लावण्यापुरती ठेवावी, आणि त्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त काहीही करून घेऊ नये, मूल कितीही शांत बसले असले तरी.